होम्सला पुन्हा उठवणाऱ्या कादंबऱ्या: हाऊस ऑफ सिल्क झालं, आता पुढे काय घेऊ?

सातपूरचा_वॉटसन

मंडळी, जरा मदत हवीये. मी जुना शेरलॉक होम्सवाला. शाळेत भालबा केळकरांची भाषांतरं वाचून नाद लागला, मग इंग्रजीतून सगळं झालं, चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा, त्यातल्या काही तर एवढ्यांदा झाल्यात की पहिल्या परिच्छेदातच खुनी आठवतो आणि मग उरलेली गोष्ट मी नुसतं धुकं, बग्ग्या आणि हडसनबाईंच्या नाश्त्यासाठी वाचतो. दुसऱ्या कोणी लिहिलेला होम्स सहसा हातात घेत नाही. एकदोन घेतले होते ते अर्ध्यातच सोडले, कारण होम्स समोरच्याच्या बुटाच्या चिखलावरून त्याचा अख्खा बायोडेटा सांगतो आणि गोष्ट सांगणारा त्याचा डॉक्टर मित्र वॉटसन "वा होम्स वा" करतो, यापलीकडे त्यात काही नव्हतंच.

पण परवा बहिणीकडे अँथनी हॉरोविट्झचं द हाऊस ऑफ सिल्क दिसलं, २०११ चं आहे, सहज उचललं आणि रात्री जागून संपवलं, सकाळी फर्स्ट शिफ्ट होती तरी. मध्येमध्ये विसरायलाच होतं की हे मूळ होम्स लिहिणाऱ्या कॉनन डॉयलने लिहिलेलं नाहीये.

तर याच दर्जाचं आणखी काय आहे ते सांगा. ऑनलाइन शोधलं तर ढिगाने नावं येतात, होम्स आणि ड्रॅक्युला, होम्स आणि मंगळावरची माणसं, काय वाट्टेल ते, आणि प्रत्येकाला चार-साडेचार स्टार, त्यातनं निवडायचं कसं? पुस्तकं पण स्वस्त राहिली नाहीत राव. आणि अजून एक, भाची नववीत आहे, तिने एनोला होम्सचा सिनेमा बघितला आणि आता "मामा तू वाचलेलं ते मला पण दे" म्हणून मागे लागलीये. देऊ का?

गंगापूर_रोडवरून

हॉरोविट्झचंच मोरियार्टी घे, २०१४ चं. रायशेनबाखच्या धबधब्यापासून सुरू होतं, होम्स आणि त्याचा शत्रू मोरियार्टी दोघंही खाली गेलेत असं सगळे धरून चाललेत आणि पिंकर्टन या खासगी डिटेक्टिव्ह कंपनीचा एक अमेरिकन डिटेक्टिव्ह तिथे येऊन पोचतो. सोबतीला स्कॉटलंड यार्डचा अ‍ॅथेल्नी जोन्स, तोच, डॉयलच्या साइन ऑफ फोर कादंबरीतला. होम्स पुस्तकात जवळपास नाहीच, तरी घे. फक्त त्याच्याबद्दल नेटवर काहीही वाचू नको, मागचं कव्हर पण वाचू नको. पुढे बोललो तर मजा जाईल म्हणून थांबतो.

टीनचा_डबा

वॉटसनराव, हाऊस ऑफ सिल्क का आवडलं ते आधी बघा, म्हणजे पुढचं निवडणं सोपं जाईल. भाषा जमलीये हे खरंय, पण भाषा बऱ्याच जणांना जमते, व्हिक्टोरियन वळणाची वाक्यं पाडणं ही प्रॅक्टिसची गोष्ट आहे. माझं म्हणणं असं की ज्या नव्या लेखकाला वॉटसन सापडला त्याचं पुस्तक उभं राहतं आणि जो नुसता होम्सच्या मागे लागला तो आपटतो.

हाऊस ऑफ सिल्कमध्ये वॉटसन म्हातारा झालाय, होम्स गेलाय, तिकडे महायुद्ध चालू आहे आणि हा गृहस्थ एक जुनी केस लिहून काढतो आणि शंभर वर्षं उघडायचं नाही असं बजावून बँकेत ठेवायला देतो. म्हणजे सुरुवातीलाच कळतं की याला काहीतरी टोचतंय. आता ते बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स आठवा, रस्त्यावरची उघडीनागडी पोरं, होम्स त्यांना दिवसाला एक शिलिंग देऊन लंडनभर पळवतो. डॉयलच्या कथांमध्ये ती पोरं गंमत म्हणून येतात, माहिती आणतात, जिन्यावरून धडधडत खाली जातात, संपलं. ती रात्री झोपतात कुठे, खातात काय, त्यांना कामाला लावल्यावर त्यांचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, हे तिथे कोणी विचारत नाही. हॉरोविट्झने तेच विचारलंय. आणि विचारलंय ते वॉटसनच्या तोंडून, म्हणून ते आजच्या काळातून येऊन दिलेलं लेक्चर वाटत नाही.

माझी कसोटी हीच. डॉयलने स्वतःच इतकी दारं उघडी ठेवलीत! माझा आयडी पण तिथलाच, थॉर ब्रिजच्या कथेत वॉटसन म्हणतो की चेअरिंग क्रॉसच्या कॉक्स अँड कंपनी बँकेच्या तिजोरीत माझा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात न छापलेल्या केसेसचे कागद आहेत. एक जेम्स फिलिमोर छत्री आणायला घरात परत गेला तो पुन्हा कोणाला दिसलाच नाही. दुसऱ्या एका कथेत सुमात्राचा राक्षसी उंदीर, जग अजून ती गोष्ट ऐकायला तयार नाही म्हणे. डॉयलने असली नावं फेकली आणि पुढे निघून गेला, तेव्हापासून लोक तो डबा उचकतायत. १९५४ मध्ये तर खुद्द डॉयलचा मुलगा एड्रियन आणि जॉन डिक्सन कार यांनी मिळून या राहिलेल्या केसेसच्या कथांचं पुस्तक काढलं. कथा नीटनेटक्या आहेत, पण मला तरी त्यातलं फारसं काही आठवत नाही आता, कारण प्रश्न काही नाही, नुसतीच गाळलेल्या जागा भरा.

पुढचं म्हणून तुम्ही निकोलस मायरचं द सेव्हन पर्सेंट सोल्यूशन घ्या, १९७४ चं. साइन ऑफ फोर उघडतं तेच होम्स हातात कोकेनची सुई खुपसतोय तिथून, सात टक्क्यांचं द्रावण. डॉयलने हे व्यसन पुढे हळूच कडेला सारलं. मायर म्हणतो थांबा, हा माणूस आजारी आहे, याला डॉक्टर दाखवायला हवा, आणि वॉटसन त्याला फसवून व्हिएन्नाला नेतो, कोणाकडे, तर सिग्मंड फ्रॉइडकडे. ऐकायला सर्कस वाटते, वाचताना वाटत नाही, कारण वॉटसन डॉक्टर आहे हे मायर एक क्षण विसरत नाही. १९७३ ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप होता, मायरच्या हाताला काम नव्हतं, त्यात त्याने हे लिहिलं. हाच बाबा पुढे स्टार ट्रेकचा दुसरा सिनेमा डिरेक्ट करणारा. संपातून असं काही निघणार असेल तर होऊ देत अजून संप.

जुनी_पानं

डबेवाले, लिहिता छान, पण तुम्ही एक गोष्ट सांगायची टाळलीत. होम्स मुळात लघुकथेचा माणूस आहे. साठातल्या छप्पन्न कथा आहेत त्या उगाच नाहीत. स्वतः डॉयलला सुद्धा होम्स अख्खी कादंबरी पेलवला नाही हो! स्टडी इन स्कार्लेटमध्ये अर्ध्यात होम्स गायब आणि आपण अमेरिकेत, युटाच्या वाळवंटात मॉर्मन लोकांबरोबर. व्हॅली ऑफ फिअरमध्ये पुन्हा तेच, अर्धं पुस्तक अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीत. हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स सगळ्यात चांगली, तर तिथे मधला मोठा भाग होम्स समोर नाहीच, वॉटसन एकटा डार्टमूरवर हिंडतोय आणि पत्रं लिहितोय. कारण सरळ आहे, तो माणूस खोलीत असला की कोडं वीस पानांत सुटतं. मग आजच्या लेखकाने काय करायचं, प्रकाशकाला पाहिजेत साडेतीनशे पानं. तो मग घालतो एक पाठलाग, एक जळतं गोदाम, एक गुप्त मंडळ, झालंच तर जॅक द रिपर. मिसळीत तर्री वाटीभर आणि मटकी चमच्याने शोधायची.

आणि होम्सला उठवायचा उद्योग हल्लीच्या लोकांनी सुरू केलाय असंही कोणी समजू नये. डिसेंबर १८९३ च्या स्ट्रँडमध्ये डॉयलने त्याला मारलं, १९०१ ला हाउंड लिहून जुनी केस म्हणून आणलं, १९०३ ला सरळ जिवंतच करून टाकलं. पहिलं पुनरुज्जीवन मूळ मालकानेच केलेलं आहे. आपल्याकडे तर रहस्यकथावाल्या बाबुराव अर्नाळकरांनी असली परवानगी मागायची वाटच बघितली नाही, त्यांनी आपला धनंजय आणि छोटू उभा केला आणि गिरगावातून, दादरमधून गोष्टी सुटायला लागल्या. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. दुसऱ्याच्या खुर्चीत बसण्यापेक्षा आपली खुर्ची आणावी.

मूळ कथा पुन्हा वाचा, पैसे वाचतील. सावानात (सार्वजनिक वाचनालयात) जुने संच चाळायला जायचं, टिळक पथावरून येताना भाजी पण होते.

टीनचा_डबा

काका, लांबीचा मुद्दा मान्य, खरंच मान्य. पण तुम्ही सांगितलं त्यातच उत्तर आहे ना. ज्यांनी हे ओळखलं त्यांनी तोडगा काढलाय. हॉरोविट्झ दोन वेगळी कोडी घेतो, एक चित्रांच्या व्यापाऱ्याच्या मागे लागलेला सपाट टोपीवाला आणि दुसरं हाऊस ऑफ सिल्क, आणि एकात दुसरं गुंफतो, म्हणजे होम्सला एक सुटलं तरी हात रिकामे होत नाहीत. मायर होम्सलाच पेशंट करतो, म्हणजे कोडं सोडवणाराच बिघडलाय. जॅक द रिपरचं म्हणाल तर लिंडसे फेचं डस्ट अँड शॅडो (२००९) एकदा बघा, १८८८ च्या व्हाइटचॅपलचे खून आणि होम्स. डॉयलने तो विषय होम्सच्या वाऱ्याला उभा केला नाही, आणि या बाईंनी तो मसाला न करता लिहिलाय.

पंचवटी_एक्सप्रेस

रोजच्या अपडाउनमध्ये वाचणारी आहे, कल्याण येईपर्यंत ज्याने फोन काढू दिला नाही ते पुस्तक चांगलं, एवढा साधा हिशोब. त्या हिशोबाने दोन नावं सांगते आणि दोन्हीत होम्स म्हातारा आहे.

मायकल शेबॉनचं द फायनल सोल्यूशन, २००४. छोटंसं आहे, काका तुमची लांबीची तक्रार इथे राहणार नाही. १९४४ साल, ससेक्समधला एक एकोणनव्वद वर्षांचा म्हातारा, मधमाश्या पाळतो, त्याचं नाव पुस्तकात एकदाही येत नाही, आणि यायची गरज पण पडत नाही. जर्मनीतून वाचून आलेला एक ज्यू मुलगा, बोलत नाही, त्याच्या खांद्यावर पोपट, आणि तो पोपट जर्मनमध्ये आकडे म्हणतो. सगळ्यांना वाटतं हा काहीतरी कोड आहे, कोणाला नौदलाचा, कोणाला बँकेचा. एक प्रकरण चक्क पोपटाच्या बाजूने लिहिलंय. ते आकडे कशाचे ते वाचणाऱ्याला लागतं, म्हाताऱ्याला लागत नाही, आणि मला तर इगतपुरीच्या बोगद्यात ते लक्षात आलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. जो माणूस कायम म्हणायचा की अशक्य ते काढून टाका, उरेल ते सत्य, त्याच्या समोर असं काहीतरी उभं राहिलंय जे त्याच्या शतकात अशक्यच होतं. डबेवाले दादांच्या कसोटीत बसतं बघा हे.

दुसरं मिच कलिनचं अ स्लाइट ट्रिक ऑफ द माइंड, २००५. यावर मिस्टर होम्स नावाचा सिनेमा आला २०१५ मध्ये, इयन मॅकेलनचा, तो बऱ्याच जणांनी बघितला असेल. १९४७, होम्स त्र्याण्णव वर्षांचा, नुकताच जपानला जाऊन आलाय, हिरोशिमा बघून आलाय, आणि आता स्वतःचीच एक जुनी केस त्याला आठवत नाही. ज्याची सगळी मिजास मेंदूवर त्याचा मेंदूच सुटत चाललाय. माझ्या सासऱ्यांना विसरायचा आजार होता त्यामुळे मला हे वाचताना त्रास झाला, पण लेखकाने त्यात रडारड केलेली नाही. कोणाला रहस्य पाहिजे असेल तर मात्र घेऊ नका, रहस्य जेमतेम आहे.

आणि लॉरी किंगची मेरी रसेल मालिका कोणी कसं सांगितलं नाही? द बीकीपर्स अप्रेंटिस, १९९४. १९१५ साल, पंधरा वर्षांची मुलगी पुस्तक वाचत माळावरून चाललीये आणि मधमाश्यांवर नजर ठेवून बसलेल्या होम्सच्या अंगावर जवळपास पाय देते. पहिल्याच भेटीत ती त्याच्याच पद्धतीने त्याला गप्प करते. मला पहिलं पुस्तक फार आवडलं.

जुनी_पानं

आणि पुढे त्याच मुलीशी लग्न लावून दिलंय होम्सचं. वयातलं अंतर बघा. हे बसतं का तुमच्या कसोटीत?

पंचवटी_एक्सप्रेस

काका म्हणून तर "पहिलं पुस्तक" म्हटलं 🙂 लग्नाचं मलाही पचलं नाही. पण पहिल्यात ते नाहीये, तिथे फक्त गुरू आणि शिष्य आहेत, तेवढं वाचून थांबायला कोणाची हरकत नसावी.

नियम_व_अटी

मध्येच घुसतो. कोणालाही होम्स लिहिता येतो म्हणून एवढा पूर आलाय, हे कायद्यामुळे झालंय. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, डॉयल १९३० ला गेला, म्हणजे इथे विषय कधीच मिटलाय. इंग्लंडमध्ये २००० सालाच्या शेवटी मिटला. राहिली अमेरिका, तिथे छापल्याच्या वर्षावर मोजायचे, आणि शेवटच्या काही कथा १९२३ ते १९२७ मधल्या असल्याने डॉयलची इस्टेट, म्हणजे त्याचे हक्क सांभाळणारे वारस, म्हणायची की होम्सचं पात्र त्या कथांमध्ये पूर्ण झालं, म्हणून अख्ख्या पात्रावरच आमचा हक्क. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने हे उडवून लावलं, जुन्या कथांमधला होम्स सगळ्यांचा, फक्त नंतरच्या कथांमध्ये जे नवीन आलं तेवढ्याला संरक्षण.

मग २०२० मध्ये गंमत झाली. एनोलाचा सिनेमा यायच्या आधीच इस्टेटने दावा ठोकला, का, तर सिनेमातला आणि पुस्तकातला होम्स प्रेमळ आहे, बहिणीची काळजी करतो, आणि होम्सला भावना फुटल्या त्या १९२३ नंतरच्या कथांमध्ये, त्या आमच्या मालकीच्या आहेत! म्हणजे थंड, तुसडा होम्स फुकट आणि मायाळू होम्स पाहिजे तर पैसे मोजा. प्रकरण त्याच वर्षी संपलं. १ जानेवारी २०२३ ला शेवटची कथा पण अमेरिकेत मोकळी झाली, आता त्याने गळ्यात पडून रडावं, कोणी बिल पाठवणार नाही.

आणि म्हणूनच स्टार बघून घेऊ नका, आता कोणीही उठतो आणि लिहितो. एका साइटवरून मी होम्सचं एक "नवीन साहस" मागवलं होतं, आत जुन्याच कथा नावं बदलून, आणि छपाई अशी की अर्धी पानं तिरकी. परत करायला गेलो तर रिटर्न विंडो बंद.

देवळालीकर_सदा

काय भो, एवढी चर्चा झाली आणि भारताचं कोणी नावच काढेना!

जामयांग नोर्बूचं द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स. लेखक तिबेटी आहे. डॉयलची एम्प्टी हाऊस कथा आठवा, होम्स परत आल्यावर वॉटसनला दोन ओळींत उरकतो, की मी सिगर्सन नावाने दोन वर्षं तिबेटात हिंडलो, ल्हासाला गेलो, मुख्य लामांसोबत काही दिवस काढले. बास एवढंच! जगातल्या सगळ्यात नामी डिटेक्टिव्हची दोन वर्षं दोन ओळींत. नोर्बूने ती दोन वर्षं लिहिली, १९९९ मध्ये. होम्स बोटीने मुंबईला उतरतो इथून सुरू होतं, आणि वॉटसनच्या जागी आहे हरी चंदर मुखर्जी, किपलिंगच्या किम कादंबरीतला तो जाडा बंगाली बाबू. डबेवाल्याचं म्हणणं इथे उलटं करून बघा, वॉटसन बदलला की सगळं बदलतं. हा बाबू होम्सवर फिदा आहे पण साहेबांची सगळी नाटकं त्याला माहितीयेत, तो खाण्यापिण्याचं पण नीट लिहितो, आणि तिबेट हा इथे नुसता गूढ पडदा नाही, लेखकाचं घर आहे ते, ते जाणवतं. शेवटचा भाग मात्र मंत्रतंत्रात जातो, तिथे माझी थोडी चिडचिड झाली, होम्सला लॉजिक सोडून बाकी सगळं करायला लावलंय. तरी पहिले दोन तृतीयांश फर्स्ट क्लास. क्रॉसवर्डचं बक्षीस पण मिळालंय त्याला.

वर ताईंनी सांगितलेल्या लॉरी किंगचं द गेम (२००४) पण भारतातलं आहे, १९२४ साल, होम्स आणि मेरी गायब झालेल्या किमला शोधायला येतात. किपलिंगचा किम, आता मोठा झालेला. प्रवासवर्णन जास्त आहे, पण चांगलं आहे.

आता आमच्या गावाचं. वॉटसन १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत जखमी झाला. त्याआधी तो मुंबईला उतरला, तोवर त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे गेलेली, मग हा मागून कंदाहारला जाऊन तिला गाठतो. त्या काळात मुंबईला उतरलेल्या गोऱ्या फौजेचा मुक्काम कुठे पडायचा? आमच्या देवळाली कॅम्पला! मायदेशी जायचं असलं तरी बोटीची वाट बघत इथेच. मूळ पुस्तकात देवळालीचा एक शब्द नाही, मला माहितीये, पण माणूस काय मुंबईहून उडत गेला का. मी रोज लॅम रोडने जातो तेव्हा वाटतं की एखाद्या बराकीत बसून हा तरुण डॉक्टर घामाघूम होऊन पत्र लिहीत असेल, खांद्याला अजून गोळी लागायचीये. का पायाला? डॉयलला स्वतःलाच आठवत नव्हतं, पहिल्या पुस्तकात खांदा, दुसऱ्यात पाय.

मराठीत कोणी लिहावी ना ही कादंबरी. होम्स भेटायच्या आधीचा वॉटसन, नाशिक जिल्ह्यात.

गंगापूर_रोडवरून

लिहा की सदाभाऊ तुम्हीच. खून कुठे करायचा, भगूरला की विहितगावला?

सातपूरचा_वॉटसन

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. तर मी शेबॉन आणि मायर मागवतोय, कॉलेज रोडच्या दुकानात विचारलं, मागवून देतो म्हणाले. मंडाला सदाभाऊ तुमच्याकडे असेल तर रविवारी कॅम्पला येऊन घेऊन जातो, चालेल ना? मोरियार्टी नंतर, सलग हॉरोविट्झ नको. जुनी पानं काका, धनंजय-छोटूचं काही हाताशी असेल तर ते पण वाचायला आवडेल.

भाचीचं राहिलं पण.

पंचवटी_एक्सप्रेस

नववीच्या मुलीला हाऊस ऑफ सिल्क आत्ता नका देऊ दादा. भाषेमुळे नाही, तुम्ही वाचलंय, त्या घरात मुलांच्या बाबतीत काय चालतं ते तुम्हाला माहितीये. आणखी दोन-तीन वर्षांनी द्या, आणि दिलं तर नंतर तिच्याशी बोला.

सिनेमा आवडलाय तर एनोलाचीच पुस्तकं द्या, नॅन्सी स्प्रिंगरची, पहिलं द केस ऑफ द मिसिंग मार्क्वेस, २००६. सिनेमापेक्षा पुस्तकातलं लंडन घाणेरडं आणि भीतीदायक आहे, त्यामुळे खरं वाटतं, आणि भाऊ सिनेमातल्याइतका गोड नाहीये (कोर्टवाल्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं बहुतेक). अँड्र्यू लेनची यंग शेरलॉक होम्स पण या वयाला चालतील, पहिलं डेथ क्लाउड, चौदा वर्षांचा शेरलॉक, १८६८ साल. माझ्या मुलाने ती वाचून मग मूळ कथा मागितल्या.

जुनी_पानं

सातपूरकर, अर्नाळकर माझ्याकडे आहेत, पण पानं हाताळताना तुकडे पडतात, घरी येऊन वाचावे लागतील. चहा मिळेल.

सदाशिवराव, तुमची देवळालीची कल्पना ऐकून मी हसलो आधी, मग साइन ऑफ फोर काढून बसलो आज दुपारी. नव्या पुस्तकांबद्दलचं माझं मत होतं तेच आहे, पण डबेवाल्याच्या कसोटीचं एक उदाहरण सापडलं ते सांगतो. आग्र्याचा खजिना. १८५७ ची धामधूम, उत्तरेतला एक राजा दोन्ही डगरींवर हात ठेवून, सोनंचांदी आपल्याजवळ ठेवतो आणि हिरेमोती अचमेत नावाच्या माणसाबरोबर व्यापाऱ्याच्या वेशात आग्र्याच्या किल्ल्यात पाठवतो. किल्ल्यात पहाऱ्यावरचा इंग्रज स्मॉल आणि त्याचे तीन साथीदार त्याचा खून करतात. (त्यातल्या दोन शिखांची नावं डॉयलने महंमद सिंग आणि अब्दुल्ला खान ठेवलीत, आता काय बोलायचं.) पुढे सगळं पुस्तक तो खजिना इंग्लंडमध्ये कोणाला मिळणार यावर चालतं, मॉर्स्टनबाईंना की शोल्टोला, आणि शेवटी तो थेम्सच्या तळाशी जातो. अचमेत मेला त्याचं कोणाला सुतक नाही, होम्सला नाही, वॉटसनला नाही, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं वाचताना मी सुद्धा त्या पानावरून भरभर पुढे जायचो.

पण तो खून उघडकीला कसा येतो ते बघा. राजाचा अचमेतवर पूर्ण विश्वास नसतो, म्हणून त्याने दुसरा एक नोकर त्याच्या मागावर ठेवलेला असतो. हा दुसरा अचमेतला किल्ल्यात शिरताना बघतो, दुसऱ्या दिवशी स्वतः आत जातो, अचमेतचा पत्ता नाही, एका सार्जंटला गाठून सांगतो, झडती होते, प्रेत सापडतं, चौघं काळ्या पाण्यावर. पाळत, संशय, चौकशी, छडा, सगळं त्या एका माणसाने केलं, बेकर स्ट्रीटवर कोणी राहायला यायच्या कितीतरी आधी. डॉयलने त्याला दोन-तीन वाक्यं दिलीत आणि नाव दिलेलं नाही.

कादंबरी लिहायचीच असेल तर वॉटसनला देवळालीत राहू द्या आणि हा माणूस घ्या.

देवळालीकर_सदा

काका रविवारी मी पण येतो सातपूरकरांबरोबर. मंडाला आणतो, तुम्ही साइन ऑफ फोर काढून ठेवा. आणि नाव आधी ठरवू, त्याशिवाय मला पहिलं पान सुचणार नाही.